मला भूक लागली, मला राग आला: इंग्रजी ‘गेट’ची मराठीतून उकल

शेजारच्या काकू पहिल्यांदा लेकीकडे ऑस्टिनला गेल्या, तेव्हा विमानतळावर जावई बॅग घ्यायला पुढे झाला आणि म्हणाला, “आय गॉट इट.” जावई अमेरिकन. काकूंच्या डोक्यात शाळेतलं ‘गेट म्हणजे मिळणे’ पक्कं बसलेलं. परत आल्यावर मला सांगत होत्या, “अगं, मिळालं म्हणतोय, पण काय मिळालं? बॅग तर माझ्याच हातात होती!” त्याला म्हणायचं होतं, ‘राहू द्या, मी घेतो.’ पुढचे सहा महिने तेच. गाडीत बसताना “गेट इन”, निघताना “लेट्स गेट गोइंग”, फोन ठेवताना “आय हॅव गॉट टु गो”. शेवटी काकूंनी नातवाचा शब्दकोश उघडला. ‘गेट’खाली अर्थांची रांगच रांग. काकूंनी शब्दकोश मिटला आणि आल्यावर माझ्याकडे तक्रार नोंदवली.

तक्रार रास्त आहे. ‘गेट’चे अर्थ पाठ करायला बसलं तर जन्म पुरणार नाही. पण तो शब्द कसा चालतो हे एकदा लक्षात आलं, तर पाठ करण्यासारखं फार थोडं उरतं. काकूंना जसं समजावलं तसंच इथे पायरीपायरीनं मांडते. इंग्रजी वाक्यं देवनागरीत आहेत. ती मनात नको, मोठ्यानं वाचा.

आधी शब्दाचा स्वभाव

‘गेट’ शब्द इंग्लंडमध्ये आला व्हायकिंगांबरोबर. उत्तर आणि पूर्व इंग्लंडात येऊन राहिलेल्या या लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेत ‘गेटा’ असं क्रियापद होतं: मिळवणे, हाती लागणे. त्याचंच एक भावंड इंग्रजीत आधीपासून होतं. ते सुटं फारसं वापरात नव्हतं, पण ‘फरगेट’मध्ये अजून बसलेलं आहे. हातातलं निसटलं, म्हणजे विसरलं.

‘हाती लागणे’पासून हा शब्द पसरत पसरत इतका मोठा झाला की आज त्याचा गाभा एवढाच सांगता येतो: आधी नव्हतं, आता आहे. आधी पत्र नव्हतं, आता आहे. आधी भूक नव्हती, आता आहे. आधी मी घरी नव्हते, आता आहे. आधी विनोद डोक्यात शिरला नव्हता, आता शिरलाय. या चारही ठिकाणी इंग्रज माणूस ‘गॉट’ म्हणतो. ‘बी’ स्थिती सांगतं, ‘गेट’ त्या स्थितीत शिरण्याचा क्षण सांगतं. ‘इट इज डार्क’ म्हणजे अंधार आहे. ‘इट इज गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार पडतोय.

नेमका कुठला अर्थ, हे ‘गेट’ स्वतः सांगत नाही, त्याच्या पुढचा शब्द सांगतो. म्हणून वाचताना-ऐकताना नजर ‘गेट’वर न ठेवता त्याच्या पुढच्या शब्दावर ठेवायची.

पायरी पहिली: उच्चार

देवनागरीनं इथे आपली पंचाईत केली आहे. बंगल्याचं ‘गेट’ आणि हे ‘गेट’ आपण सारखंच लिहितो, आणि मग बोलतोही सारखंच. इंग्रजीत ते दोन वेगळे आवाज आहेत. फाटकाचं गेट लांबतं आणि शेवटी ‘इ’कडे झुकतं, साधारण ‘गेइट’. आपलं क्रियापद मात्र आखूड, तोडून टाकल्यासारखं. ‘पेन’, ‘टेन’, ‘रेड’ म्हणताना जेवढा वेळ लागतो तेवढाच. (फॅक्टरीचा ‘गेटपास’ फाटकवाला आहे, शाळेच्या बॅचचं ‘गेट-टुगेदर’ आपलं. अभियांत्रिकीवाल्यांची ‘गेट’ परीक्षा तर तिसरीच. ती नुसती आद्याक्षरं आहेत आणि उच्चार फाटकाचा.)

दुसरं म्हणजे, बोलताना ‘गेट’ पुढच्या स्वराला चिकटतं. ‘गेट अप’ ऐकू येतं ‘गेटप’, आणि अमेरिकन तोंडी ‘गेडप’. ‘गॉट इट’ होतं ‘गॉडिट’. काकूंना पहिला महिनाभर हा ‘गॉडिट’ म्हणजे देवाचं काहीतरी वाटत होतं.

पायरी दुसरी: पुढे वस्तू आली तर

ही सोपी पायरी. ‘गेट’पुढे थेट नाम आलं की मिळणं, मिळवणं, आणणं, विकत घेणं यांपैकी काहीतरी. ‘आय गॉट अ लेटर’: मला पत्र आलं. ‘शी गॉट अ जॉब’: तिला नोकरी लागली. ‘आय गॉट सम व्हेजिटेबल्स’: भाजी आणली. ‘गेट मी अ ग्लास ऑफ वॉटर’: मला पाणी आण. ‘गेट द डोअर’ म्हणजे मात्र दार मिळव नव्हे. बेल वाजलीये, बघ जरा कोण आहे.

इथे एक सापळा आहे. मराठीत ‘ती डॉक्टर झाली’ आणि ‘ती मोठी झाली’ दोन्हींत ‘होणे’. इंग्रजीत नामापुढे ‘होणे’साठी ‘गेट’ चालत नाही. ‘शी गॉट अ डॉक्टर’ म्हटलंत तर ‘तिनं डॉक्टरला बोलावून आणलं’ असा अर्थ होईल. तिथे ‘शी बिकेम अ डॉक्टर’च हवं.

पायरी तिसरी: ‘मला’ची कसोटी

ही पायरी मला सगळ्यांत आवडते, कारण इथे इंग्रजी व्याकरणापेक्षा आपली मराठीच जास्त उपयोगी पडते.

मराठीत माणसाला काही झालं की आपण त्याला ‘ला’ लावून बाजूला बसवतो. काम करते ती भूक, तो राग, ती सर्दी. भूक लागते, राग येतो, सर्दी होते, धक्का बसतो, झोप येते, सवय पडते, ठेच लागते. प्रत्येकाचं क्रियापद वेगळं आणि ते ठरलेलं; भूक कधी ‘बसत’ नाही, धक्का कधी ‘लागत’ असला तर तो गर्दीतला असतो, मनाला बसणारा नाही. परक्याला मराठी शिकवून बघा, इथे त्याचे हाल होतात.

इंग्रजी हा सगळा पसारा आवरते. ‘मला’ उचलून ‘आय’ करून पुढे बसवते आणि लागणे, येणे, होणे, बसणे, पडणे या सगळ्यांच्या जागी एकटं ‘गेट’ ठेवते:

मला भूक लागली: आय गॉट हंग्री.
मला राग आला: आय गॉट अँग्री.
मला कंटाळा आला: आय गॉट बोअर्ड.
मला झोप यायला लागली: आय ॲम गेटिंग स्लीपी.
मला सर्दी झाली: आय गॉट अ कोल्ड.
मला धक्का बसला: आय गॉट अ शॉक.
मला सवय झाली: आय गॉट यूज्ड टु इट.
मला फोन आला: आय गॉट अ कॉल.

म्हणून युक्ती अशी: मनात ‘मला’नं सुरू होणारं मराठी वाक्य आलं, आणि त्यात काहीतरी नव्यानं घडलं असेल, तर पहिल्यांदा ‘आय गॉट’ लावून बघा. बऱ्याचदा जमतं.

बऱ्याचदा, नेहमी नाही. ‘मला स्वप्न पडलं’ला ‘आय हॅड अ ड्रीम’. ‘मला आठवलं’, ‘मला आवडलं’ यांना स्वतःची क्रियापदं आहेत: ‘रिमेंबर्ड’, ‘लाइक्ड’. ‘मला आनंद झाला’ला ‘आय गॉट हॅपी’ म्हटलं तर कळेल, पण कानाला खटकेल. ‘आय वॉज सो हॅपी’ म्हणा. आणि आपल्याकडे ऑफिसात रोज ऐकू येणारं ‘सॉरी, आय गॉट लेट’ तर सोडूनच द्या. ‘मला उशीर झाला’चं ते शब्दशः रूप आहे, आणि इंग्लंड-अमेरिकेत ते कोणी म्हणत नाही. ‘सॉरी आय ॲम लेट’ पुरे. ‘इट गॉट लेट’ मात्र बरोबर आहे, पण तिथे उशीर तुम्हाला झालेला नसतो. वेळ झालेली असते, रात्र झालेली असते.

आता सर्दीचं ते वाक्य पुन्हा बघा, अगदी जवळून. ‘आय गॉट अ कोल्ड’ आणि ‘आय गॉट कोल्ड’. फरक फक्त एका ‘अ’चा. ‘अ’ असेल तर ‘कोल्ड’ ही वस्तू झाली, म्हणजे दुसरी पायरी: सर्दी झाली. ‘अ’ नसेल तर ‘कोल्ड’ हे विशेषण, म्हणजे थंडी वाजायला लागली. पहिल्यावर आल्याचा काढा, दुसऱ्यावर स्वेटर. आपल्या भाषेत ‘अ’, ‘द’ नाहीत, त्यामुळे ते आपण सर्रास गिळतो. ‘गेट’च्या पुढे मात्र गिळू नका.

विशेषणांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. ‘होणे’साठी ‘गेट’चे काही भाऊबंद आहेत. दूध नासलं तर ‘द मिल्क वेंट बॅड’. केस पिकले तर ‘हिज हेअर वेंट ग्रे’, टक्कल पडलं तर ‘ही वेंट बॉल्ड’. बिघडणं, रंग बदलणं, वेड लागणं अशा ठिकाणी ‘गो’ची चलती आहे. म्हातारं होणं, थकणं, बरं होणं, श्रीमंत होणं इथे ‘गेट’: ‘गेट ओल्ड’, ‘गेट टायर्ड’, ‘गेट वेल’, ‘गेट रिच’.

पायरी चौथी: पुढे जागा आली तर

‘गेट’ अधिक ठिकाण म्हणजे पोचणे. ‘व्हेन डिड यू गेट टु नागपूर?’ नागपूरला कधी पोचलात? ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्या आधी ‘टु’ येत नाही: ‘आय गॉट होम ॲट टेन’. ‘गॉट टु होम’ हे आपल्या ‘घरी’तल्या ‘ई’चं भाषांतर आहे, ते टाळा.

वाहनांचा घोळ मात्र थोडा निस्तरायला हवा. बस, रेल्वे, विमान, जहाज यांत ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. कार, टॅक्सी, रिक्षा यांत ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. ओळखायची खूण: आत शिरल्यावर उभं राहून दोन पावलं चालता येत असतील तर ‘ऑन’, वाकून शिरून थेट बसावंच लागत असेल तर ‘इन’. सायकल, घोडा, मोटरसायकल यांवर टांग टाकायची, म्हणून ‘ऑन’.

आपण सगळे म्हणतो, ‘आय विल गेट डाउन ॲट दादर’. भारतीय इंग्रजीत हे पक्कं रुळलेलं आहे आणि इथे कोणाचंच त्यावाचून अडत नाही. मी स्वतःही लोकलमध्ये तेच बोलते. बाहेर मात्र ‘गेट डाउन’ म्हणजे झाडावरून, शिडीवरून खाली उतर, नाहीतर ‘खाली वाक, डोकं वाचव’. लंडनच्या बसमध्ये कुणी शेजाऱ्याला “आर यू गेटिंग डाउन?” विचारलं तर तो क्षणभर गोंधळेल. तिथे “आर यू गेटिंग ऑफ?”

पायरी पाचवी: पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींना मराठीत झकास शब्द आहेत.

पहिली: ‘गेट’ आणि लगेच तिसरं रूप. ‘ही गॉट स्कोल्डेड.’ याचं भाषांतर पाठ्यपुस्तकी मराठीत ‘तो रागावला गेला’ असं होतं, जे कुठलाही मराठी माणूस बोलत नाही. आपण म्हणतो, त्यानं बोलणी खाल्ली. मार खाल्ला: ‘ही गॉट बीटन’. आपलं ‘खाणे’ इथे बरोब्बर ‘गेट’च्या जागी बसतं. कर्ता काही करत नाही, त्याच्यावर येऊन पडतं, आणि बहुतेक वेळा ते त्याला भोवतं. ‘ही गॉट फायर्ड’: त्याची नोकरी गेली. ‘वी गॉट कॉट’: आम्ही पकडले गेलो. ‘माय फोन गॉट स्टोलन’: माझा फोन चोरीला गेला. कधी चांगलंही पदरात पडतं: ‘शी गॉट प्रमोटेड’.

माणसाच्या नशिबाशी किंवा घटनेच्या धक्क्याशी संबंध नसेल, नुसती माहिती द्यायची असेल, तर ‘गेट’ नको. गेटवे ऑफ इंडिया 1924 मध्ये बांधून पूर्ण झालं. इंग्रजीत ‘वॉज कम्प्लीटेड इन 1924’. ‘गॉट कम्प्लीटेड’ म्हटलं तर कंत्राटदारानं एकदाचं उरकलं असा सूर येतो.

‘गॉट मॅरीड’ याच घरातलं. पण आपण ‘त्याच्याशी लग्न झालं’ म्हणतो, म्हणून जिभेवर ‘मॅरीड विथ’ येतं. इंग्रजीत ‘शी गॉट मॅरीड टु हिम’. ‘विथ’ येतं ते ‘अँग्री’बरोबर: ‘शी गॉट अँग्री विथ हिम’. लग्नाला ‘टु’, रागाला ‘विथ’. काकूंनी हे एका दमात पाठ केलं.

शाळेच्या मैदानावरचं “ऑन युअर मार्क, गेट सेट, गो” आठवतंय? तिथलं ‘गेट सेट’ हेच. ‘सेट’चं तिसरं रूपही ‘सेट’च. सज्ज व्हा.

दुसरी गोष्ट: ‘गेट’, मग वस्तू, मग तिसरं रूप. म्हणजे ‘करून घेणे’. आणि इथे मराठी माणूस हमखास घसरतो, कारण आपण बोलताना ‘करून घेतलं’ न म्हणता ‘केलं’ म्हणून मोकळे होतो. ‘काल मी केस कापले’, ‘दिवाळीआधी घराला रंग दिला’, ‘त्यांनी गावाला बंगला बांधला’. ऐकणाऱ्याला माहीत असतं की कात्री सलूनवाल्याची आणि ब्रश रंगाऱ्याचा. इंग्रजी असं सोडून देत नाही. ‘आय कट माय हेअर’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तुम्ही न्हाणीघरातल्या आरशासमोर कात्री घेऊन उभ्या राहता. माझ्या एका विद्यार्थ्यानं कामावरच्या परदेशी साहेबाला हे वाक्य ऐकवलं, तर साहेब म्हणाला, “छान कापलेत, माझेही कापशील का?” तिथे हवं होतं ‘आय गॉट माय हेअर कट’ किंवा सरळ ‘आय गॉट अ हेअरकट’.

क्रम लक्षात ठेवा: गेट, वस्तू, तिसरं रूप. ‘वी गॉट द हाउस पेंटेड.’ ‘गेट युअर ब्लड टेस्टेड.’ ‘आय गॉट द ब्लाउज स्टिच्ड.’ वस्तू मधे. ‘आय गॉट पेंटेड द हाउस’ हे वाक्यच होत नाही.

याच साच्यात कधी काम स्वतःचं असतं, पण ते एकदाचं उरकलं एवढंच म्हणायचं असतं: ‘आय गॉट द कुकिंग डन बाय नाइन’. नऊपर्यंत स्वयंपाक आटपला.

पायरी सहावी: दुसऱ्याकडून करवून घेणं

‘आय गॉट हिम टु साइन.’ मी त्याच्याकडून सही करून घेतली. इथे माणूस मधे, आणि पुढे ‘टु’सकट क्रियापद. ‘मेक’ आणि ‘हॅव’ हेही असंच काम करतात, पण ‘टु’शिवाय, आणि तिघांचा सूर वेगळा:

‘आय मेड हिम साइन’: सही करायला लावली. त्याची इच्छा नव्हती.
‘आय हॅड हिम साइन’: सांगितलं आणि त्यानं केली. साहेब-शिपाई, डॉक्टर-पेशंट.
‘आय गॉट हिम टु साइन’: पटवलं, गळ घातली, चार फेऱ्या मारल्या, शेवटी केली.

ज्यानं कधी कुठल्या सोसायटीत सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या गोळा केल्यात, त्याला हा ‘गॉट’ वेगळा शिकवावा लागत नाही.

पायरी सातवी: ‘गॉट टु’ आणि ‘हॅव गॉट टु’

हा फरक छोटा दिसतो पण अर्थ उलटा करतो.

‘आय गॉट टु मीट हर’: मला तिला भेटायला मिळालं. संधी, भाग्य.
‘आय हॅव गॉट टु मीट हर’: मला तिला भेटायलाच हवं. बंधन.

बोलताना ‘हॅव’ आखडून ‘आय’व्ह’ होतं, मग तोही गळतो आणि उरतं ‘आय गॉटा गो’. काकूंचा जावई फोन ठेवताना म्हणायचा तो हाच. निघायला हवं.

‘टु’ नसेल तर ‘हॅव गॉट’ म्हणजे नुसतं ‘आहे’. ‘आय हॅव गॉट टू सिस्टर्स’: मला दोन बहिणी आहेत. यात मिळण्याचा संबंध नाही. आणि इथेही ‘हॅव’ गळतं, विशेषतः अमेरिकेत: ‘आय गॉट अ क्वेश्चन’. मला एक प्रश्न आहे. भूतकाळ नाही, आत्ताच आहे! मीटिंगमध्ये कोणी असं म्हटलं तर ‘कधी पडला?’ म्हणू नका.

अमेरिकेत आणखी एक रूप भेटेल: ‘गॉटन’. आपण शाळेत ‘गेट, गॉट, गॉट’ घोकलं, ते ब्रिटिश वळण. ‘गॉटन’ पूर्वी इंग्लंडातही चालायचं; तिकडे मागे पडलं, अमेरिकेत टिकलं. (‘फरगॉटन’मध्ये ते ब्रिटिशांकडेही शिल्लक आहेच.) अमेरिकन माणूस ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणतो तेव्हा गाडी आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणतो तेव्हा गाडी घेतलीये. ऐकून समजलं तरी पुरे, वापरायची घाई नको.

जाता जाता दोन फुटकळ गोष्टी. ‘डिड’ आलं की ‘गॉट’ नाही: ‘डिड यू गेट माय मेसेज?’ आणि ‘वी गॉट टॉकिंग’ म्हणजे बोलायला लागलो, गप्पा सुरू झाल्या. ‘लेट्स गेट गोइंग’ म्हणजे चला, निघू या.

पायरी आठवी: जोडशब्द, पण मराठी जोडीदारासकट

‘गेट’ला ‘अप’, ‘ओव्हर’, ‘बाय’, ‘अवे’ लागून जे होतं, त्याच्या याद्या पुस्तकांत असतात आणि त्या डोक्यात राहत नाहीत. कारण अर्थ म्हणून जे दिलेलं असतं तेही पुस्तकीच. मी उलटं करते. आपण जे वाक्य घरात खरोखर बोलतो ते आधी धरायचं आणि त्याला जोडून इंग्रजी बांधायचं.

शिवणाचं मशीन दुरुस्तीला न्यायचंय, तीन महिने झाले, मुहूर्तच लागत नाही: ‘आय हॅव नॉट गॉट राउंड टु इट’. ‘गेट राउंड टु’ला ‘मुहूर्त लागणे’पेक्षा चांगला प्रतिशब्द मला अजून सापडलेला नाही.

तो माझ्या डोक्यात जातो: ‘ही गेट्स ऑन माय नर्व्ह्ज’. सासू-सुनेचं पटतं: ‘दे गेट अलाँग’. एवढ्या पगारात कसंबसं भागतं: ‘वी गेट बाय’. लबाडी केली आणि त्याला पचली: ‘ही गॉट अवे विथ इट’. फोनच लागला नाही: ‘आय कुडन्ट गेट थ्रू’. ऐनवेळी कच खाल्ली: ‘ही गॉट कोल्ड फीट’. पोळ्या लाटायला आता हात बसलाय: ‘आय हॅव गॉट द हँग ऑफ इट’. कुणकुण लागली: ‘दे गॉट विंड ऑफ इट’. उट्टं काढलं: ‘शी गॉट इव्हन’. तुझा रोख कुठे आहे: ‘व्हॉट आर यू गेटिंग ॲट?’ प्रकरण हाताबाहेर गेलं: ‘इट गॉट आउट ऑफ हँड’. या शेवटच्यात तर दोन्ही भाषांचा हात एकच निघाला.

‘गेट ओव्हर’ला मात्र मराठीत एक शब्द नाही. तापातून उठणं, दुःखातून सावरणं, अपमान विसरून पुढे जाणं, हे सगळं त्यात येतं. पण ‘गेट ओव्हर इट!’ असं कुणाला तोंडावर म्हणणं म्हणजे ‘झालं ते झालं, आता पुरे कर तुझं’ असं झिडकारणं. दुखवट्याच्या घरी हा प्रयोग करू नये.

‘गेट लॉस्ट’लाही दोन तोंडं आहेत. ‘वी गॉट लॉस्ट’ म्हणजे आम्ही रस्ता चुकलो. समोरच्याला ‘गेट लॉस्ट’ म्हणजे चालता हो.

‘आय डोन्ट गेट इट’ म्हणजे माझ्या डोक्यात शिरत नाही. ‘गॉट इट?’ म्हणजे लक्षात आलं? आणि कुणी धीर देत ‘आय गॉट यू’ म्हटलं, तर ‘मी आहे ना’. विमानतळावरच्या जावयाचं ‘आय गॉट इट’ याच जातीचं: बॅगेची काळजी सोडा, ती आता माझी.

कुठे वापरू नये

आपण मराठीत बोलताना ‘पत्र मिळालं’ म्हणतो आणि अर्जात ‘पत्र प्राप्त झाले’ लिहितो. ‘गेट’ आणि ‘रिसीव्ह’ यांचं नातं हुबेहूब तेच. ‘गेट’ उद्धट नाही, पण घरगुती आहे. नोकरीचा अर्ज, व्हिसासाठीचं पत्र, प्रबंध अशा ठिकाणी नेमकं क्रियापद घाला: पत्रासाठी ‘रिसीव्ह’, परवानगीसाठी ‘ऑब्टेन’, वस्तू घेण्यासाठी ‘पर्चेस’, पोचण्यासाठी ‘अराइव्ह’, बरं होण्यासाठी ‘रिकव्हर’, समजण्यासाठी ‘अंडरस्टँड’. लिहून झाल्यावर पानावरची सगळी ‘गेट’ शोधा आणि एकेकाला विचारा, तुझ्या पोटात नेमकं कोण आहे?

ऑफिसच्या ईमेलमध्ये मात्र ‘आय विल गेट बॅक टु यू’ बिनधास्त लिहा. उलट आपल्याकडचं ‘आय विल रिव्हर्ट’ परदेशी वाचणाऱ्याला कोड्यात टाकतं. त्याच्या लेखी ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वीच्या अवस्थेत परत जाणं, उत्तर देणं नाही.

सराव

रोज रात्री दिवसभरातली तीन ‘मला’वाली वाक्यं वहीत लिहायची. मला फोन आला, मला रिक्षा मिळाली नाही, मला कंटाळा आला. समोर इंग्रजी. मग दोन ‘करून घेतलं’वाली, जी आपण ‘केलं’ म्हणून बोललो होतो. ‘पंखा दुरुस्त केला’ म्हणजे कोणी केला? वायरमननं. मग ‘आय गॉट द फॅन फिक्स्ड’. आणि एक ‘खाल्लं’वालं, त्या दिवशी कोणी बोलणी खाल्ली असतील तर. पंधरा दिवसांत ‘गेट’ आपणहून तोंडात यायला लागतं.

काकूंची वही माझ्याकडे तपासायला यायची. दुसऱ्यांदा ऑस्टिनला जायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘आमच्याकडे पाहुणे आलेत: वी गॉट कंपनी’. मी त्यावर तांबड्या पेनानं फुली मारली आणि समोर ‘वी हॅव गेस्ट्स’ लिहून दिलं. म्हटलं, काकू, ‘कंपनी’ म्हणजे कचेरी, पाहुणे नव्हेत, आणि पाहुणे काही मिळत नाहीत. काकूंनी तिथल्या तिथे जावयाला व्हिडिओ कॉल लावून वही कॅमेऱ्यापुढे धरली. तो हसत म्हणाला, की घरी कुणी आलं की त्याची आई स्वयंपाकघरातून नेमकं हेच ओरडते. तेव्हा कुठे मला माझीच सातवी पायरी आठवली: ‘हॅव’ गळालेलं, ‘गॉट’ म्हणजे नुसतं ‘आहे’.

काकूंनी माझ्याच हातात पेन दिलं, आणि मी फुली खोडली.